हाकेवाचून

चष्म्याच्या दुकानातून ती बाहेर पडली आणि तिचा जुना चष्मा काउंटरवरच राहिला. नवा चष्मा डोळ्यांवर होता, तेव्हा जुन्याची आठवण राहायचं तिला काही कारण नव्हतं. दुकानदाराने चष्म्याचं घर, पैसे द्यायला मागे थांबलेल्या त्याच्यापुढे सरकवलं आणि "आईंचं राहिलं वाटतं" म्हणाला. तो ते घेऊन बाहेर आला तोवर ती बरीच पुढे गेली होती. ऑफिसं सुटायची वेळ होती, पदपथावर माणसांची रीघ लागली होती. कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं, बसथांबा तिकडे होता. आणि ती मात्र, आता सगळं लख्ख दिसतंय या नव्या आत्मविश्वासाने, सरळ रस्ता ओलांडायला निघाली होती. त्याने हात वर केला, तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. आवाज होता, श्वास होता, पण तिला मारायची हाक त्याच्यापाशी नव्हती. पुढच्या माणसांच्या खांद्यांमधून तिचा पांढरा होत आलेला अंबाडा मधूनमधून दिसत होता आणि लांब जात होता. पदपथाच्या कडेला किल्ल्या करून देणारा एक माणूस हातातली कानस थांबवून त्याच्याकडे बघत होता. वर केलेला हात, चष्म्याचं घर, उघडं तोंड, एवढ्यावरून त्याने काय ते ओळखलं आणि बसल्या जागेवरून खणखणीत ओरडला, "ओ मावशी! मावशी, मागं बघा, तुमचा माणूस बोलावतोय!" ती लगेच वळली. इतकं सोपं होतं ते.

"राहिला होता," घर तिच्यापुढे धरत तो म्हणाला. "अगं बाई, खरंच की," ती म्हणाली. मग "इकडून जायचंय" एवढं बोलून तो डावीकडे वळला आणि ती त्याच्यामागून चालू लागली. बसमध्ये तिला खिडकी मिळाली. नव्या चष्म्यातून ती दुकानांच्या पाट्या वाचत होती, ओठ किंचित हलत होते. तो शेजारी बसून किल्लीवाल्याचा विचार करत होता. राग आला नव्हता. कुठेतरी काहीतरी लागलं होतं, पण नेमकं कुठे, ते दाखव म्हटलं असतं तर दाखवता आलं नसतं. ती त्याच्या वडिलांची दुसरी बायको. तो शाळेत असताना घरात आली, आता त्याचे कल्ले पिकले, आणि एवढ्या वर्षांत त्याने तिला एकदाही कशानेही हाक मारली नव्हती. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. घरात एखादं बटण चालत नसतं, घरच्यांचे हात आपोआप दुसऱ्या बटणाकडे जातात, तसं ते होऊन गेलं होतं. परक्या माणसाने येऊन ते बटण दाबून दाखवलं आणि दिवा लागला. आता तिला इथे राहायचंच किती उरलं होतं? गेल्या हिवाळ्यात वडील गेले, आणि येत्या रविवारी तिचा भाऊ गाडी घेऊन तिला न्यायला येणार होता. कायमचीच जाणार होती ती. चष्मा त्याचसाठी केला होता. तिकडे कुठे शोधत बसा दुकान, असं ती म्हणाली होती.

ती घरात आली तो दिवस त्याला आठवतो तो आवाजांचा. आत्या आली होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या आणि ती त्याला पुढे ढकलत म्हणत होती, "म्हण की, आई म्हण, अरे लाजतोस काय!" तो लाजत नव्हता. ते नाव आधीच कुणाचं तरी होतं, एवढंच त्याला कळत होतं. आत्या हार मानणारी नव्हती. नवी आई म्हण, छोटी आई म्हण, ते नको असेल तर मम्मी म्हण, तेही नको तर सरळ काकू म्हण बाबा, पण काहीतरी म्हण. भाजीवाल्याने वाटे लावून दाखवावेत तशी तिने एकेक हाक त्याच्यापुढे मांडली. त्याने एकही उचलली नाही. तेव्हा नवी आलेली ती बाई भिंतीशी उभी होती, हातात तिची शिवणाची पेटी होती, ती अजून खाली ठेवायलाही कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "राहू द्या हो. सुचेल तेव्हा म्हणेल." त्या वेळी त्याला तिचे उपकार वाटले. नंतर कधीतरी कॉलेजात असताना त्याच्या मनात आलं, की त्या दिवशी तिने जोर केला असता, कान पिरगाळून म्हणायला लावलं असतं, तर बरं झालं असतं. पण तिने त्याचा कान धरला नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही.

त्या घरात तसं नावाने कुणीच कुणाला बोलवत नसे. वडील तिला "ऐकलंस का" म्हणायचे, ती त्यांना "अहो". वडील पाणीखात्यात नळाची मीटरं तपासायचे आणि दिवसभर लोकांच्या दारात "अहो बाई, अहो साहेब" करून घरी आले की त्यांच्यातलं आदबीचं बोलणं संपलेलं असायचं. उरलेलं ते मुलावर राग आला की बाहेर काढायचे. "या राजे, बसा. निकाल लागला म्हणे आपला?" असं म्हटलं की समजायचं, आता काही खरं नाही. त्यामुळे मान देणं म्हणजे चिडणं असं त्याचं लहानपणीच पक्कं होऊन बसलं होतं. तिला "तुम्ही" म्हणावं तर आपण तिच्यावर चिडलोय असं वाटेल. "तू" म्हणावं तर ती आपली होईल. मधली वाट त्याने शोधून काढली आणि त्या वाटेने तो इतका चालला की पुढे तोच हमरस्ता झाला. "चहा मिळेल का?" "जेवण तयार आहे का?" "उद्या यायला उशीर होईल." "डबा नको आज." अशा वाक्यांना समोर कुणी असावं लागत नाही. फोन तिने उचलला तर तो "मी बोलतोय" म्हणायचा, बाबा आहेत का विचारायचा. मित्रांत ती "आमच्या घरी" व्हायची: आमच्या घरी विचारावं लागेल, आमच्या घरी आवडत नाही. मनातल्या मनात मात्र ती नुसती "ती" होती. आणि खरंच बोलवायची वेळ आली, ती दुसऱ्या खोलीत मशीनवर पडद्यांच्या चुण्या घालत बसलेली असली, तर तो उठून जाऊन तिच्या समोर उभा राहायचा. मशीन थांबायचं. ती वर बघायची. मग तो बोलायचा. काही वर्षांनी तर तो दारापाशी येतानाच मशीन थांबू लागलं. त्याच्या चपला तिला कळायच्या.

हॉटेलात त्याची भरभराट झाली ती याच गुणावर, असं म्हणायला हरकत नाही. स्वागतकक्षावर कारकून म्हणून लागला आणि आता नव्या लोकांना शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. पाहुण्याला मागून हाक मारायची नाही. वळसा घालून समोर यायचं, किंचित वाकायचं, मग बोलायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तो ते घरून घेऊन आला होता. आवाज कुठे खाली न्यायचा, "आपण" कुठे आणि "सर" कुठे, पाहुणा चिडला की आपलं वाक्य कसं लांबवायचं म्हणजे तो ऐकता ऐकता थंड होतो, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. व्यवस्थापक म्हणायचे, याच्या तोंडात साखर नाही, पण तोंड पोळत नाही एवढं नक्की. चष्मा आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या तुकडीपुढे तो उभा होता. त्यांच्यात एक बाई होती, आधी कुठेतरी नर्स होती, वयाने इतरांपेक्षा मोठी. तिने विचारलं, "सर, नाव माहीत नसलं, आणि सर म्हणावं की मॅडम म्हणावं तेही कळत नसलं, तर काय करायचं?" तो सवयीने म्हणाला, "काहीच म्हणायचं नाही. वाक्य फिरवायचं. सामान वर पाठवायचं का? खोली पसंत आहे ना? समोरच्याला पत्ताही लागत नाही." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. नर्सबाईने लिहिलं नाही. "लागतो हो सर," ती सहज म्हणाली. "आमच्याकडे काही डॉक्टर असे बोलायचे. झोप लागली का, दुखणं कमी आहे का. पेशंटला बरोब्बर कळायचं, यांना आपण नकोय." तो हसला, पुढच्या मुद्द्याकडे वळला. मुद्दा सामानाच्या गाडीचा होता. त्याने तो नेहमीसारखा समजावून सांगितला आणि सांगताना आपला आवाज त्याला जरा लांबून ऐकू येत राहिला.

त्याच्या बायकोला ही अडचण कधी आलीच नव्हती. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची, सुई टोचताना ज्या बिनदिक्कतपणे ती "घाबरू नका हो काका" म्हणायची त्याच बिनदिक्कतपणे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन "आई, मीठ कुठंय?" म्हणाली होती. बाहेर पेपर वाचत बसलेला तो दचकला होता. घरात कुणीतरी कपाट फोडल्यासारखं त्याला वाटलं, आणि कपाट उघडंच होतं. बायकोला त्याची ही गोष्ट कळायला बरेच महिने लागले. कळली तेव्हा ती आधी हसली, मग हसायची थांबली. मूल झालं असतं तर तो सुटला असता. मुलाच्या आडून "आजी" म्हणता आलं असतं, पुष्कळ घरांत असे गुंते तसेच सुटतात. मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनाही झालं, पण त्याच्या दुःखात हा एक बारीक स्वार्थ होता हे त्याने बायकोला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "आज मी आईंना सरळ विचारलं. म्हटलं, कशाला जाता? इथे काय कमी आहे?" तो टॉवेलची घडी घालू लागला. "मग?" "म्हणाल्या, कमी काही नाही गं. पण आता हे गेले. मी इथे कोण म्हणून राहू ते सांग." बायकोने त्याच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि नीट घडी घातली. "मी म्हटलं, माझ्या सासूबाई म्हणून राहा. हसल्या. माझ्या म्हणण्याने भागणार नाहीये रे. तू एकदा म्हण." "काय म्हणू?" "राहा म्हण. अजून काय म्हणायचं असतं?" तो म्हणाला, "म्हणतो." आणि खरंच म्हणायचं त्याने ठरवलं. ती जाऊ नये असं त्याला वाटत होतं. हे वाटणं त्याला नवीन नव्हतं, फक्त त्याच्याकडे आजवर त्याने नीट पाहिलं नव्हतं. सकाळी उठल्यावर स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला नाही तर घर कसं लागेल, हे त्याने अंथरुणात पडल्या पडल्या मनात आणून पाहिलं, आणि तो उठून बसला. ती गेली तर त्याच्या लहानपणाचं कुणी उरत नव्हतं. तो कसा होता, काय खायचा नाही, कुठे पडून हनुवटीला खोक पडली, हे ठाऊक असलेलं जगात ते एकच माणूस होतं.

शनिवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी बसून पडद्याच्या रिंगा मोजून पिशवीत भरत होती. शिवणयंत्र बांधून दाराशी ठेवलं होतं. तो तिच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसला. हॉटेलातून तो मुद्दाम लवकर सुटून आला होता, वाटेत वाक्य जुळवत. "तिकडे जायची घाई नसेल तर," तो म्हणाला, "इथे राहणं झालं तरी चालण्यासारखं आहे." बोलून झाल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. खोली आणखी एक दिवस हवी असेल तर मिळू शकेल, असं तो पाहुण्यांना याच सुरात सांगायचा. तिने मान वर केली. नव्या चष्म्यामागे तिचे डोळे मोठे दिसत होते आणि क्षणभर ती थांबली, आणखी काही यायचंय का ते बघत. आणखी काही आलं नाही. "बघू या," ती म्हणाली. "तिकडेही कुणीतरी असायला हवं. भावाचं आता एकट्याचंच आहे." आणि थोड्या वेळाने, रिंगांची पिशवी बांधताना, "चहा टाकायचा का?" तिनेही ते त्याच्याच पद्धतीने विचारलं, कुणालाच उद्देशून नाही. इतक्या वर्षांत तीही तसं बोलायला शिकली होती, आणि हे त्याच्या आज लक्षात आलं. त्याने चहा घेतला. चहा चांगला होता. दोघांनी मिळून तो शांतपणे संपवला आणि त्या शांततेची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

रविवारी सकाळी भाऊ वेळेआधीच आला. तो पूर्वी बस चालवायचा, त्यामुळे गाडी घेऊन आला की वर न येता हॉर्न द्यायची त्याला सवय होती. बायको एक बॅग घेऊन खाली गेली, शेजारच्या गृहस्थांनी शिवणयंत्राला हात लावला, जिन्यात थोडा वेळ धडधड झाली आणि मग घर शांत झालं. ती स्वयंपाकघरात होती. जाताना मागे उष्टं राहायला नको म्हणून सकाळचे कप धूत होती. तो दारात उभा राहिला. चपला बाहेर काढलेल्या होत्या आणि नळ जोरात चालू होता, त्यामुळे तिला तो आल्याचं कळलं नाही. पाठमोरी ती लहान दिसत होती. प्रवासासाठी नेसलेल्या साडीचा पदर तिने कमरेला खोचला होता. "गाडी आली" असं म्हणायला तो आला होता. तेवढं म्हटलं असतं तर सगळं व्यवस्थित पार पडलं असतं.

"आई," तो म्हणाला.

ती वळली नाही. हातातला कप तिने विसळला, पालथा घातला, दुसरा घेतला. पाण्याच्या आवाजात गेलं असेल. जीभ एकदा रेटली होतीच, तो मोठ्याने पुन्हा म्हणाला, "आई." या वेळी तिचे हात थांबले. तिने नळ बंद केला, पण मान फिरवली नाही. जपून बोलावं तशी ती म्हणाली, "आठवण झाली का त्यांची?" त्याला काही कळेना. "होते अशा वेळी," ती हातातल्या कपाशीच बोलत होती. "बाबा गेले, आता घरही रिकामं वाटणार. तुझ्या आईचा फोटो मी पुसून ठेवलाय, तुझ्या कपाटातला. आता बाहेरच्या खोलीत लाव. मी होते म्हणून आत ठेवला होतास ना? मला काही वाटलं नसतं रे."

दुकानदाराच्या, सुनेच्या, दारावर येणाऱ्या कुणाच्याही तोंडून आलेल्या त्या हाकेला ती ओ देत आली होती. त्याच्या तोंडून आलेली ती हाक तिची नसते, हे तिने कधीच मनाशी पक्कं करून टाकलं होतं. दुसऱ्या कुणाला मारलेल्या हाकेला माणूस वळत नाही, तशी ती वळली नव्हती. त्याने चौकटीला हात टेकला.

"त्यांना नाही," तो म्हणाला. "तुला. तुला हाक मारली मी. जाऊ नकोस."

ती वळली. हातांवरून पाणी फरशीवर गळत होतं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. त्याची त्याने थोडी तयारीही केली होती. पण तिचा चेहरा कानांपर्यंत लाल होत गेला, आणि ती रागावली आहे हे कळायला त्याला वेळ लागला, कारण तिला रागावलेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"आज?" ती म्हणाली. "खाली गाडी उभी आहे, माझं मशीनसुद्धा जिना उतरलं, आणि आज तुला हाक मारायचं सुचलं?"

"सुचत नव्हतं म्हणजे..."

"सुचत नव्हतं! दिवसभर परक्यांपुढे जीभ चुरूचुरू चालते तुझी, आणि घरात आलास की तोंडाला कुलूप. मी काय खाणार होते का तुला? तापाने फणफणलेला असायचास, मी उशाशी बसलेली, आणि माझ्याकडे न बघता म्हणायचास, पाणी मिळेल का. पाणी मिळेल का! कॉलेजातून उशिरा यायचास तेव्हा मी जागी असायची, माहितेय? कुठे होतास म्हणून विचारायची चोरी होती मला. कोण म्हणून विचारायचं? त्या मोटारसायकलवाल्या पोरांबरोबर फिरत होतास तेव्हा कानाखाली द्यायची होती तुझ्या एक. हात उचलला होता मी. खाली घेतला. दुसऱ्याच्या पोराला मारतं का कुणी?"

हॉर्न दोनदा वाजला, मग लांबलचक वाजला. तो मान खाली घालून उभा होता. कुणी ओरडत असताना चेहरा कसा ठेवायचा हे तो लोकांना शिकवायचा, पण त्यातलं काहीच त्याला आठवत नव्हतं. त्याचे कान तापले होते, आणि शाळकरी पोरासारखं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती थांबत नव्हती. परीक्षेच्या दिवशी न खाता परत आणलेला डबा निघाला, लग्नाच्या फोटोत तिच्यापासून हातभर लांब उभं राहिलेलं निघालं, वडील दवाखान्यात असताना "डॉक्टर काय म्हणाले ते समजलं का" असं त्याने भिंतीकडे बघून विचारलेलं निघालं. सगळं तिच्यापाशी जसंच्या तसं होतं. जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला आणि तिचा भाऊ दारात येऊन उभा राहिला, हातात गाडीची किल्ली.

"अगं ताई, चल ना," तो म्हणाला. "ऊन व्हायच्या आत निघायचं होतं आपल्याला."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ओले हात पदराला पुसले आणि खुर्ची ओढून ती तिच्यावर बसली.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "माझं अजून याच्याशी बोलून झालेलं नाही."